लॅमिनेटची प्राणप्रतिष्ठा

बीड जिल्ह्यात सोयरिकीला आलेली मंडळी आधी शेती विचारतात, मग नोकरी. पण त्याच्याही आधी, चपला काढता काढता, त्यांनी फरशी बघून घेतलेली असते. शेणाने सारवलेली जमीन, मग कोबा, मग शहाबादी, मग मोझॅक, मग स्पार्टेक, मग मोरबीची दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, अशा पायऱ्या इथली घरे दोन-तीन पिढ्यांत चढली. व्हिट्रिफाइड आता सगळ्यांकडेच झाली. सोसायटीच्या चेअरमनकडे झाली, चेअरमनला पाडणाऱ्याकडेही झाली. त्यामुळे ज्याला चार पाहुण्यांत उठून दिसायचे आहे त्याच्यासाठी दुकानदाराने नवा माल काढला आहे : ‘वुडन फ्लोअरिंग’. पुढील मार्गदर्शन अशा उत्साही कुटुंबांसाठी आहे. बाकीच्यांनीही वाचावे; शेजारी फरशी बसत असताना दारात उभे राहून सूचना द्यायला उपयोगी पडेल.

सर्वात आधी एक गैरसमज दूर करावा. या लाकडी फरशीत लाकडाची फळी नसते. लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून प्रचंड दाबाखाली घट्ट केलेली पाटी हा तिचा गाभा. दुकानदार त्याला एचडीएफ म्हणतो. गाभ्यावर सागाचा, अक्रोडाचा नाहीतर ओकचा फोटो छापलेला कागद, कागदावर मेलामाइनचा पारदर्शक थर, आणि पाटी वाकू नये म्हणून खालून आणखी एक थर. या सगळ्याला मिळून लॅमिनेट म्हणतात. ज्या सनमायक्याने आपली टेबले आणि कपाटे झाकली त्याचाच हा चुलतभाऊ. फरक एवढाच की टेबलावर कोणी चालत नाही. म्हणून वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण घालतात. विळ्याला धार लावायचा कुरुंदाचा दगड असतो, तोच पदार्थ. ऊसतोडीला दरवर्षी लाखो माणसे पाठवणाऱ्या जिल्ह्यात कुरुंदाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या मालाचे माहेर स्वीडन. पेर्स्टॉर्प नावाच्या गावातल्या त्याच नावाच्या कंपनीने १९७७ साली ही कल्पना काढली आणि १९८४ पासून ‘पेर्गो’ या नावाने ती युरोपात विकायला आणली. सुरुवातीला पट्ट्या गोंदाने जोडाव्या लागत. गोंदाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या नव्वदच्या दशकात आल्या. ज्या देशात बाहेर बर्फ, घरात हीटर आणि फरशी म्हणजे बूट काढून मोजे घालून चालायची जागा, त्या देशासाठी हे उत्तम आहे. तिथल्या माणसाने फरशीवर बादली ओतल्याचे ऐकिवात नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

निवड करण्यापूर्वी, न्यायाला धरून, सध्याच्या फरशीचीही बाजू ऐकून घ्यावी. शहाबादी हा चुनखडीचा दगड. शहाबाद आणि बीड दोन्ही निजामाच्या हैदराबाद राज्यातले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा गुलबर्गा जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि बीड मुंबई राज्यात आला. माणसांच्या सोयरिकी सीमेपार गेल्या, पण फरशी येत राहिली. तिला मिजास नाही. उन्हाळ्यात थंड, बादली ओता, पोती टाका, मूल उघडे लोळवा, वरून मिरच्या वाळवा. लिंबू-चिंचेचे तेवढे जपावे, आंबटाने तिच्यावर पांढरा डाग पडतो. आणि पन्नास वर्षे पायांनी घासली की तिला जी गुळगुळी येते ती कोणत्याही पॉलिशवाल्याला आणता येत नाही. अशी फरशी उखडून तिथे लॅमिनेट बसवणाऱ्याने निदान जुने तुकडे फेकू नयेत. ते पुढे न्हाणीला लागतातच. उखडूच नये, हे त्याहून बरे. शहाबादी सपाट असेल तर लॅमिनेट तिच्यावरच अंथरता येते, आणि पश्चात्ताप झाल्यास खालची फरशी जागेवर शाबूत मिळते.

आता प्रत्यक्ष खरेदी. दुकानात गेल्यावर दुकानदार आधी रंग दाखवील. रंगाकडे बघू नये, खोक्यावरच्या ‘एसी’ या अक्षरांकडे बघावे. याचा गारव्याशी काही संबंध नाही. पृष्ठभाग किती घासला तर झिजेल त्याचा हा युरोपीय दर्जा आहे : घरासाठी एसी ३ पुरेसा, दुकान-कार्यालयासाठी एसी ४. मात्र हा हिशेब मऊ मोज्यांचा आहे. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर राहतात हे खरे. पण रानातून आलेल्या अनवाणी पायाला चिकटून जी मुरमाची कच आत येते ती चपलेपेक्षा वाईट. तेव्हा एसी ४ घ्यावा. जाडी ८ मिलिमीटरच्या खाली घेऊ नये. त्याहून पातळ पट्टी स्वस्त पडते, पण तिच्या कडेची खाच नाजूक असते आणि चालताना फरशी पोकळ वाजते.

मग रंग. इथे तालुकानिहाय विचार करावा. गंगथडीला, म्हणजे गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या काळ्या रानात राहणाऱ्यांनी गडद अक्रोडी घ्यावा; काळी माती त्यात खपून जाते. आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटावरच्या माळरानाला तांबूस साग शोभतो, कारण तिकडची धूळच त्या रंगाची. परळीकरांनी निःसंकोच राखाडी घ्यावा. औष्णिक विद्युत केंद्राची राख विटांत जाते, सिमेंटात जाते आणि उरलेली वाऱ्याबरोबर घरी येते; फरशी आधीच त्या रंगाची असली की रोजचा झाडू एक वेळ वाचतो. कॅटलॉगमधला पांढरट ‘नॉर्डिक’ रंग संपूर्ण जिल्ह्याला वर्ज्य समजावा.

दुकानदार एक प्रयोगही करून दाखवील. नमुन्याच्या तुकड्यावर पेलाभर पाणी ओतील, मोबाइलवर दोन फोन उरकील आणि फडक्याने पाणी टिपून म्हणेल, “बघा दादा, काही झालं का?” काही झालेले नसते. मेलामाइनवर काही होतच नाही. होते ते कडेला, जिथून गाभा उघडा असतो. म्हणून त्याच तुकड्याला करवतीने आडवा छेद द्यायला लावावा आणि तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. युरोपीय मानकातही असेच करतात : तुकडा २४ तास पाण्यात ठेवून तो किती फुगला ते मोजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा काढून कोरड्या तुकड्याशेजारी ठेवावा. जो दुकानदार या परीक्षेला तयार होत नाही, त्याने आपले उत्तर दिलेले आहे.

मोजमाप करताना ब्रासची सवय सोडावी. वाळू ब्रासवर येते, लॅमिनेट खोक्यावर. एका पट्टीची लांबी साधारण चार फूट, रुंदी सात-आठ इंच, आणि एका खोक्यात साधारण वीस चौरस फुटांचा माल. बारा बाय पंधराची खोली १८० चौरस फुटांची. कापाकापीत जाणारे दहा टक्के धरले की १९८. म्हणजे दहा खोकी. दुकानदार अकरा सांगेल. या एका बाबतीत त्याचे ऐकावे. कारण शेवटी येईल.

खोकी घरी आली की ती लगेच फोडू नयेत. ज्या खोलीत फरशी बसायची त्याच खोलीत ती ४८ तास आडवी ठेवावीत, म्हणजे पट्ट्यांना तिथल्या हवेची सवय होते. ही अट वाटते तेवढी सोपी नाही. आपल्या घरात कोणतीही सपाट, रिकामी वस्तू ४८ तास रिकामी राहत नाही. पहिल्या तासात तिच्यावर पोरे चढतात, दुसऱ्यात आजीबाई भाजी निवडायला टेकतात, संध्याकाळपर्यंत पापडाचे कापड पसरलेले असते. आजीबाईंना उठवायला जाऊ नये. खोकी आडवी आहेत ना, मग भागले.

दरम्यान जमिनीची परीक्षा. हात-दोन हात चौरस प्लास्टिकचा जाड कागद कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघावे. खालून थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर जमिनीतून ओल वर येते आहे असे समजावे. काळ्या रानातल्या तळमजल्यांना हे फार लागू. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर घरालाही बरोबर घेते. अशा जागी पट्ट्यांखाली अंथरायच्या फोमच्याही खाली प्लास्टिकचा अखंड जाड पडदा घालावाच लागतो, सांध्यांवर वीतभर चढवून, चिकटपट्टी लावून. खताच्या पोत्यांतले अस्तर चालत नाही, हे सांगून ठेवलेले बरे. आणि ज्यांनी १९८९ च्या जुलैतला बिंदुसरेचा पूर पाहिला आहे, अशा बीड शहरातल्या नदीकाठच्या घरांनी तळमजल्यापुरता हा लेख इथेच मिटावा.

फरशी बसवायची कोणी, हा प्रश्न फरशी निवडण्याहून अवघड आहे. गवंडी म्हणतो, लाकडाचे काम आहे, सुताराला बोलवा. सुतार म्हणतो, जमिनीचे काम आहे, गवंड्याला सांगा. दोघांनाही यात आपला वाटा दिसत नाही, कारण खरोखरच नाही. न सिमेंट, न खिळा, न गोंद. शेवटी तिढा असा सुटतो की पुण्यात फ्लॅटच्या कामावर राहून आलेला कोणी तरुण सापडतो आणि हे दोघे त्याच्यामागे हाताची घडी घालून उभे राहतात.

“मालक, ही फरशी धरून ठेवायलंय कोण?” गवंडी विचारतो.

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की कोणीच नाही. पट्ट्या एकमेकींच्या खाचेत अडकतात आणि सगळी फरशी एकसंध होऊन दोन-तीन मिलिमीटरच्या फोमवर नुसती पडून राहते. इंजिनिअर तिला तरंगती फरशी म्हणतात. तरंगायचे म्हणजे हलायला जागा हवी. पावसाळ्यात हवा दमट झाली की गाभा ओलावा पिऊन पसरतो, मे महिन्यात कोरडा पडून आक्रसतो. म्हणून चारही भिंतींपासून आठ ते दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडायची आणि ती वरून स्कर्टिंगने झाकायची. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचे, फरशीला नाही. गवंड्याला ही फट बघवत नाही. आयुष्यभर त्याने फटी बुजवल्या. मालक चहाला आत गेले की तो थापीभर सिमेंटने हीही बुजवतो. मग श्रावणात फरशीला पसरायला जागा उरत नाही आणि खोलीच्या मध्यभागी ती तंबूसारखी उभी राहते. चहा बाहेरच, गवंड्याच्या नजरेसमोर घ्यावा.

सपाटीबद्दल थोडे विस्ताराने. आपल्याकडे फरशीला ढाळ देतात, धुतलेले पाणी मोरीकडे किंवा दाराकडे पळावे म्हणून. एकसारखा ढाळ लॅमिनेटला चालतो. चालत नाहीत ते खड्डे आणि उंचवटे. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली तर तिच्याखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसता कामा नये. जास्त असेल तिथे पट्टी प्रत्येक पावलाला दबते, खाच सैल होते आणि सहा महिन्यांत कुरकुर सुरू होते. आधी घासून, भरून जमीन सारखी करावी. मिस्त्री पाण्याची नळी काढील आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लेव्हल घेईल. पाण्याला एवढ्या घाबरणाऱ्या फरशीचे पहिले माप पाण्याच्या नळीनेच घ्यावे लागते, याकडे घरातले कोणीतरी लक्ष वेधील. हसून सोडून द्यावे.

मग गुण्या. भाऊबंदकीतून वाटणीला आलेल्या जागेवरच्या घरात एक भिंत हमखास वीतभर आत शिरलेली असते, कारण पलीकडे चुलत्याची हद्द आहे. सिमेंटाच्या कामात हे झाकले जाते. लॅमिनेट झाकत नाही. सरळ भिंतीकडून पट्ट्या लावत गेले की शेवटच्या ओळीतली पट्टी एका टोकाला चार बोटे आणि दुसऱ्या टोकाला बोटभर उरते, आणि बोटभर पट्टी खाचेत टिकत नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी खोलीची रुंदी दोन्ही टोकांना मोजावी, शेवटी काय उरते ते काढावे, आणि पहिली ओळच कापून कमी-जास्त करावी. शेजारच्या ओळींचे सांधे फूटभर मागे-पुढे ठेवावेत. पट्टी तिरपी धरून खाचेत घालावी आणि हलक्या हाताने खाली दाबावी. बसल्याचा आवाज येतो. हातोडी थेट पट्टीवर मारू नये, मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. चुलत्याशी वाटणीचा विषय या मुहूर्तावर काढू नये.

फोम आणि पट्टी मिळून जमीन साधारण ११ मिलिमीटर वर येते. सगळी दारे खालून घासणार. ती उतरवून रंधा मारून घ्यावीत. इथे सुताराला अखेर काम मिळते आणि त्याचा रुसवा जातो. जड सामानाचे मात्र जपावे. लोखंडी कपाट एका भिंतीला चालते. दोन समोरासमोरच्या भिंतींना दोन कपाटे ठेवली की तरंगती फरशी दोन्हीकडून दाबली जाते आणि तिचे तरंगणे संपते. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला कापूस या नियमात येतो का, असे गेवराईकडून कोणी विचारील. येतो. दहा क्विंटल कापूस म्हणजे टनभर वजन. फरशी ठेवावी की कापूस, याचा निर्णय भाव बघून करावा.

इथवर सगळे नीट पार पडले तर फरशी सुंदर दिसते, हे मान्य केले पाहिजे. मंडळी बघायला येतात. फोटो निघतात. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी धुणी-भांड्याच्या मावशी बादली घेऊन येतात.

“ताई, ह्याला पाणी चालत नाही म्हणायलेत. मग पुसू कशानं?”

घट्ट पिळलेल्या फडक्याने. एवढे घट्ट, की पुसलेल्या जागी पायाचा ओला ठसा उमटता कामा नये. हे मावशींना एकदा पटते. सासूबाईंना पटत नाही. ज्या गावात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, त्या गावात पाणी आलेल्या दिवशी घर धुऊन काढणे हा घरातल्या बाईचा हक्क असतो. बीड हा पर्जन्यछायेतला, टँकरचा जिल्हा. म्हणून इथे लॅमिनेटला धोका नाही असे दुकानदार सांगतो. उलट आहे. जिथे पाणी रोज येते तिथे ते जपून सांडते. इथे ते एकदम येते, हंडे-ड्रम-टिपे भरून ओसंडते आणि उरलेले फरशीवर जाते.

त्यात सण. भाद्रपदात मराठवाड्यात महालक्ष्म्या येतात. उंबऱ्यापासून त्यांच्या जागेपर्यंत ओल्या कुंकवाची पावले उमटवतात. ती फार तर फडक्याने निघतील. खरी कसोटी नवरात्राची. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची, मध्ये मातीचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस रोज पाणी घालायचे. घट पाझरतो. पाझरलाच पाहिजे, त्याशिवाय धान उगवत नाही. युरोपीय मानकात ही परीक्षा २४ तासांची आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या जिल्ह्यात ती नऊ दिवसांची असते. दसऱ्याला घट उठतात तेव्हा वर बोट-दीड बोट पिवळसर धान तरारलेले असते आणि खाली पट्ट्यांच्या कडा ओठांसारख्या वर आलेल्या असतात. एकदा फुगलेली कड वाळली तरी खाली बसत नाही. घटाखाली परात ठेवावी, आणि परातीखाली पाट.

वाळवीचाही उल्लेख करायला हवा. जुन्या माळवदांची किलचने खाल्लेल्या वाळवीला एचडीएफ म्हणजे आयते दळलेले अन्न. घराला वाळवीचा इतिहास असेल तर फरशीच्या आधी औषध मारून घ्यावे, नाहीतर वर फोटोतला साग तसाच राहतो आणि खाली काहीच उरत नाही.

इतके ऐकल्यावर दुकानदार आवाज खाली आणून एसपीसी काढतो. ही पट्टीही अशीच अडकणारी, पण तिचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा. पाण्याने फुगत नाही, वाळवी खात नाही. बारकाईने पाहिले तर चुनखडी म्हणजे पुन्हा शहाबादीच, फक्त दळून, प्लास्टिकमध्ये मळून, वर सागाचा फोटो चिकटवून आलेली. तरीही ज्याला लाकडी रूपच हवे आहे त्याने खालच्या मजल्यावर हीच घ्यावी. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीच्या दारासमोरची जागा आणि पत्र्याखालची कोणतीही खोली लॅमिनेटला देऊ नये. द्यायचीच तर स्लॅबखालची, वरच्या मजल्यावरची, कोरडी, एकच निजायची खोली द्यावी, जिथे पाणी फक्त तांब्यातून येते.

आणि ते अकरावे खोके. फरशी बसल्यावर उरलेल्या पट्ट्या दुकानाला परत करू नयेत की पोरांना बॅट करायला देऊ नयेत. खोक्यावरचा रंगाचा आणि लॉटचा क्रमांक वहीत लिहून ठेवून त्या माळ्यावर आडव्या ठेवाव्यात. पट्टी फुगली तर ती बदलता येते. पण त्यासाठी भिंतीकडून तिथपर्यंतच्या सगळ्या ओळी उलगडाव्या लागतात आणि तोच रंग हातात असावा लागतो. कंपन्या रंग बदलत राहतात; दोन-तीन वर्षांनी गेल्यावर दुकानदार कॅटलॉग चाळून सांगतो की तो रंग आता बंद झाला.